एक्स-रे स्वच्छ, पाय मात्र दुखतोच

लहान मुलाचा पाय दुखायला लागला की घरात कारण सापडायला वेळ लागत नाही. पोर दिवसभर कुठेतरी चढत-उतरत असतं. काल सायकलवरून पडलेलं असतं, परवा शाळेत कुणी ढकललेलं असतं. ‘मुरगळला असेल’ म्हणून आजी तेल कोमट करते, पायाला चोळते, वर कापड बांधते. दुसऱ्या दिवशी अंग तापतं, तर ‘सध्या व्हायरलची साथ आहेच’ असं म्हणून पॅरासिटामॉल दिलं जातं. पायाचं कारण वेगळं आणि तापाचं वेगळं, अशी घरच्यांची समजूत झालेली असते. ही दोन्ही दुखणी एकाच हाडातून येत असतील, ही शंका बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत कुणाच्या मनात येत नाही. हाडातल्या जंतुसंसर्गाला हेच दिवस हवे असतात.

या आजाराला डॉक्टर ‘अक्यूट ऑस्टिओमायलायटिस’ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर हाडात अचानक झालेला जंतुसंसर्ग. हा रोजच्या पाहण्यातला आजार नाही. श्रीमंत देशांत दर वर्षी एक लाख मुलांमागे साधारण आठ जणांना तो होतो. आपल्यासारख्या देशांत प्रमाण याहून जास्त आहे. आजारी मुलांपैकी जवळजवळ निम्मी पाच वर्षांच्या आतली असतात आणि मुलींपेक्षा मुलगे सुमारे दुप्पट. वेळेवर ओळखला तर औषधांनी पूर्ण बरा होणारा आणि उशीर झाला तर हाड, सांधा किंवा क्वचित जीवही घेणारा, असा हा आजार आहे. याच्याविषयीच्या बहुतेक गैरसमजुती अडाणीपणातून आलेल्या नाहीत. त्या वरवर पाहता शहाणपणाच्याच वाटतात, म्हणूनच त्यांच्यात दिवस जातात.

मुळाशी एक समजूत आहे: हाड म्हणजे शरीराच्या आतला टणक, जवळजवळ निर्जीव सांगाडा. मांस सडेल, कातडी पिकेल, पण हाडात पू कुठून होणार? प्रत्यक्षात वाढत्या मुलाचं हाड अतिशय जिवंत असतं. मांडीच्या किंवा पिंढरीच्या लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आणि हाडाची लांबी तिथे वाढते. या चकतीच्या अलीकडच्या भागात अगदी बारीक रक्तवाहिन्या चकतीपर्यंत येतात आणि तिथून तीव्र वळण घेऊन मागे फिरतात. त्या वळणावर रक्ताचा वेग मंदावतो. रक्तातून फिरणारे जंतू तिथे थांबतात, चिकटतात आणि वाढू लागतात. म्हणूनच हा संसर्ग सर्वांत जास्त गुडघ्याच्या आसपास, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला दिसतो. वाढीचा वेग जास्त तिथे रक्ताचा पुरवठाही जास्त, आणि जंतूंना वावही तिथेच.

बहुतेक वेळा या संसर्गामागचा जंतू असतो स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा काही परका जंतू नव्हे. कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर तो मुक्कामाला असतो. १८८० साली लुई पाश्चरने गळवातला पू आणि हाडाच्या संसर्गातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्हींत तोच जंतू दिसल्यावर त्याने हा आजार म्हणजे हाडाच्या मज्जेतलं गळूच, असा निष्कर्ष काढला. या आजाराची इतकी नेमकी ओळख मला दुसरीकडे सापडलेली नाही. गळू कातडीवर झालं तर ते फुगतं, पिकतं आणि फुटतं. पुवाला बाहेर यायला वाट मिळते. हाडाच्या टणक भिंतीत पुवाला फुगायला जागाच नसते. आतला दाब वाढत जातो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि हाडाच्या त्या भागाचं रक्त तुटतं. मग पू भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडून हाडावरचं आवरण उचलतो. हाडाला बाहेरून रक्त पुरवणारं हेच आवरण असतं. आतून आणि बाहेरून दोन्हीकडून रक्त तुटलं की हाडाचा तुकडा मरतो. मेलेल्या तुकड्यात रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. तिथे लपलेले जंतू महिनोन्‌महिने टिकतात, आणि कातडीला भोक पडून पू गळत राहणारा नासूर तयार होतो. एकदा गोष्टी इथपर्यंत आल्या की औषधावर भागत नाही, मेलेला तुकडा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. हाड मरण्याच्या आत संसर्ग गाठणं ही या सगळ्या लढाईतली मुख्य गोष्ट आहे.

‘कुठे जखम नाही, मग पू कसा?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते, आणि तो रास्त आहे. लहान मुलांत हाडात पोचणारे जंतू बहुतेक वेळा जखमेतून थेट घुसत नाहीत, रक्तातून येतात. नखाने ओरबाडलेली खरूज, डासाच्या चाव्यावर झालेला छोटा फोड, सर्दी, एवढं काही निमित्त पुरतं. कित्येकदा जंतू शरीरात नेमके कुठून शिरले, हे शेवटपर्यंत कळतच नाही. ते कळलं नाही म्हणून निदान चुकलं असं समजू नये. थेट जखमेतून संसर्ग होतो तेव्हा बहुतेकदा तळपायाचा संबंध असतो. बुटाचा तळ भेदून खिळा पायात घुसला, वरची जखम भरून आली आणि आठवडाभराने टाच किंवा चवडा पुन्हा दुखू लागला, तर तिथे वेगळ्या जंतूचा, स्यूडोमोनासचा, संशय घ्यावा लागतो आणि औषधही वेगळं लागतं.

आता पडण्या-झडण्याची गोष्ट, कारण सर्वांत जास्त दिवस हीच समजूत खाते. ‘पडल्यामुळे दुखतंय’ हे पूर्ण खोटंही नसतं. हाडाचा संसर्ग झालेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना आधीच्या काही दिवसांत त्याच जागी मार बसलेला असतो. सशांवर केलेल्या आणि १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की रक्तात जंतू असताना वाढीच्या चकतीजवळ इजा झाली तर संसर्ग त्या इजेच्याच जागी मूळ धरतो. इजा झालेल्या जागी थोडं रक्त साचतं, आणि रक्तात योगायोगाने फिरणारे जंतू तिथे टिकतात. म्हणजे मार खरा आणि संसर्गही खरा. ‘पडलाय ना, मग इन्फेक्शन कसं असेल?’ हा तर्क इथेच फसतो.

याचं एक जगजाहीर उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९४६ साली ओक्लाहोमा राज्यातल्या कॉमर्स या खाणकामगारांच्या गावात एका शाळकरी मुलाला फुटबॉलच्या सरावात डाव्या नडगीवर लाथ बसली. पाय घोट्याशी सुजला आणि ताप चढला. निदान हाडाच्या संसर्गाचं झालं, आणि पाय कापावा लागेल की काय इथपर्यंत वेळ आली. त्याला ओक्लाहोमा सिटीच्या रुग्णालयात नेण्यात आलं. तोपर्यंत पेनिसिलिन हे नवं औषध नागरी रुग्णालयांत पोचलं होतं, आणि त्यावर पाय वाचला. तो मुलगा मिकी मँटल. १९५१ पासून तो न्यूयॉर्क यांकीजकडून बेसबॉल खेळला आणि त्या खेळातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंत गणला गेला. त्याच पायाच्या आजारामुळे सैन्यभरतीत मात्र तो अपात्र ठरला. हीच लाथ त्याला दहा वर्षं आधी बसली असती तर डॉक्टरांच्या हातात चिरा देऊन पू काढण्याखेरीज फारसं काही नव्हतं. प्रतिजैविकं येण्यापूर्वी या आजारात मुलं मोठ्या संख्येने दगावत, आणि वाचलेल्यांपैकी कित्येकांच्या पायातून वर्षानुवर्षं पू गळत राही.

मुरगळणं आणि संसर्ग यांत घरच्या घरी काही फरक ओळखता येतो का? बऱ्याच प्रमाणात येतो. मुरगळलेला पाय पहिल्या दिवशी सर्वांत जास्त दुखतो आणि मग रोज थोडा थोडा उतरतो. संसर्गाचं दुखणं उलट चालतं. ते दिवसागणिक वाढतं, रात्री झोपेतून उठवतं, आणि एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दाबलं की मूल किंचाळतं. कालपर्यंत लंगडणारं मूल आज पाय टेकवतच नाही. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून ज्याकडे आपण काणाडोळा करतो ते तर फारच वेगळं असतं. ते बहुधा दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी किंवा रात्री येतं, चोळल्यावर बरं वाटतं, आणि सकाळी मूल काही झालंच नाही अशा थाटात धावतं. एकाच पायाला, एकाच जागी, सकाळीही टिकणारं आणि लंगडायला लावणारं दुखणं कधीही वाढीचं म्हणू नये. आणि अशा दुखण्यावर जोरात मालिश करू नये, हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेऊ नये, घट्ट पट्टी बांधू नये. त्याने संसर्ग तर थांबत नाहीच, पण आपण उपचार करतो आहोत या समाधानात आणखी दोन दिवस निघून जातात.

यानंतर माणसं एक्स-रे काढतात, आणि तिथे दुसरी, जास्त भक्कम समजूत भेटते. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, हाडाला काही झालेलं नाही.’ हे वाक्य दवाखान्यातून ऐकून माणसं निश्चिंत होऊन घरी जातात. पण एक्स-रेला पू दिसत नाही, त्याला हाडातलं कॅल्शियम दिसतं. हाडाच्या एखाद्या भागातलं खनिज जवळजवळ तीस ते पन्नास टक्के कमी झाल्याशिवाय तो भाग चित्रात काळसर दिसत नाही, आणि त्याला एक ते दोन आठवडे लागतात. हाडाच्या आवरणाखाली नवं हाड तयार झाल्याची रेघ दिसायलाही दहा दिवस किंवा त्याहून जास्त जातात. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा स्वच्छ एक्स-रे संसर्ग नाही असं सांगत नाही. हाड मोडलेलं नाही, एवढंच तो सांगतो. तो काढणं उपयोगाचं आहेच. फ्रॅक्चर, गाठ किंवा दुसरा काही दोष त्यात लगेच दिसतो. पण त्यावर विसंबून ताप असलेल्या, लंगडणाऱ्या मुलाला प्लास्टर घालून घरी पाठवणं धोक्याचं आहे, कारण प्लास्टरखाली वाढणारी सूज कुणालाच दिसत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत खरी मदत करते ती एमआरआय तपासणी. हाडाच्या मज्जेतला बदल तिच्यात फार लवकर कळतो. मात्र ती महाग आहे, तालुक्याच्या गावी सहसा नसते, आणि लहान मुलाला त्यासाठी बहुधा झोपेचं औषध द्यावं लागतं. सोनोग्राफी जवळपास सगळीकडे मिळते. हाडाच्या आत तिला दिसत नसलं तरी आवरणाखाली किंवा सांध्यात साचलेला पू ती दाखवू शकते.

रक्ताच्या तपासणीबद्दलही असाच एक घोटाळा आहे. लॅबचा कागद आला की लोक पहिल्यांदा पांढऱ्या पेशींचा आकडा पाहतात. तो ठीक असला की ‘रक्तात इन्फेक्शन नाही’ असं ठरतं. २०१२ साली बारा हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या एका मोठ्या आढाव्यात या पेशी जेमतेम एक तृतीयांशाहून किंचित जास्त मुलांत वाढलेल्या आढळल्या. याउलट शरीरातला दाह मोजणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर दहापैकी नऊ आणि सीआरपी दहापैकी आठ मुलांत वाढलेला होता. त्याच आढाव्यात ताप ६२ टक्केच मुलांत नोंदवलेला होता. म्हणजे दर दहांतल्या जवळपास चार मुलांच्या बाबतीत ‘ताप नाही, मग काळजी कशाला’ हा युक्तिवाद चुकलाच असता. घरी दर सहा तासांनी दिलेलं पॅरासिटामॉलही ताप झाकतं. डॉक्टरांना ‘ताप नव्हता’ असं सांगताना औषध चालू होतं हेही सांगायला हवं.

सीआरपीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण घरच्यांनी समजून घ्यावा असा हा आकडा आहे. संसर्ग सुरू झाल्यावर तो काही तासांत चढायला लागतो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि उपचार लागू पडले की तितक्याच झपाट्याने उतरतो. ईएसआर मात्र हळू चढतो आणि मूल बरं झाल्यावरही तीन-चार आठवडे वरच राहतो. पुष्कळ पालक दुसऱ्या आठवड्यात ईएसआरचा मोठा आकडा पाहून घाबरतात. मूल पाय टेकवतंय, ताप गेलाय आणि सीआरपी उतरलाय, तर त्या आकड्यावरून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

खुब्याचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण तिथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. खुबा, खांदा, कोपर आणि घोटा या सांध्यांत हाडाचा तो जंतुप्रिय भाग सांध्याच्या पिशवीच्या आतच येतो. हाडातला पू तिथून थेट सांध्यात उतरतो. सांध्यात पू साचला की कूर्चा काही तासांतच झिजायला लागते, आणि खुब्यात तर वाढलेल्या दाबाने मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्याचं रक्तच तुटतं. घोळ वाढवणारी गोष्ट अशी, की खुबा दुखणारं मूल बऱ्याचदा गुडघ्याला हात लावून दाखवतं. दोन्ही जागांना एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात, त्यामुळे वेदना खालच्या जागी जाणवते. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो आणि गुडघ्यालाच मलम लागतं. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबा हलवून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

खुब्याचं प्रत्येक दुखणं पुवाचं असतं असंही नाही. सर्दी-खोकल्यानंतर तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खुब्याला तात्पुरती सूज येते, मूल लंगडतं आणि आठवडाभरात आपोआप बरं होतं. दोन्ही आजार पहिल्या दिवशी फार सारखे दिसतात. १९९९ साली बॉस्टनच्या मिनिंदर कोखर आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यात फरक करण्यासाठी चार खुणा मांडल्या: पायावर भार न देणं, ३८.५ अंश सेल्सियसच्या वर ताप, ताशी ४० मिलिमीटरच्या वर ईएसआर, आणि १२,०००च्या वर पांढऱ्या पेशी. त्यांच्या अभ्यासात एकच खूण असलेल्या मुलांत पुवाची शक्यता तीन टक्के निघाली, दोन असतील तर चाळीस, तीन असतील तर ९३ आणि चारही असतील तर ९९ टक्क्यांच्या वर. नंतर इतर ठिकाणी हे आकडे एवढे चोख ठरले नाहीत, म्हणून सीआरपी आणि सोनोग्राफी यांची जोड घेतात. या खुणा डॉक्टरांसाठी आहेत. घरच्यांनी त्यातून एवढंच घ्यावं, की तापलेलं मूल पाय टेकवत नसेल तर सकाळची वाट पाहू नये.

तान्ह्या बाळांचा भाग मला सर्वांत काळजीचा वाटतो. बाळ सांगू शकत नाही आणि बऱ्याचदा त्याला तापही येत नाही. जोसेप ट्रुएटा या कॅटलान शल्यविशारदाने ऑक्सफर्डला काम करताना १९५९ साली दाखवून दिलं, की साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत बाळाच्या हाडातल्या रक्तवाहिन्या वाढीच्या चकतीतून आरपार जातात. मोठ्या मुलात चकती काही प्रमाणात अटकाव करते, बाळात तो अटकावच नसतो. संसर्ग चकती ओलांडतो, हाडाचं टोक गाठतो आणि सांध्यात शिरतो. अपुऱ्या दिवसांची बाळं, नवजात अतिदक्षता विभागात राहिलेली आणि नाळेतून किंवा शिरेतून नळी टाकलेली बाळं यांना धोका जास्त, आणि त्यांच्यात एकाच वेळी दोन-तीन हाडं धरली जाऊ शकतात.

अशा बाळात काय दिसतं? बाळ एक हात किंवा पाय हलवत नाही. लंगोट बदलताना, मांडी उचलताना किंचाळतं. दूध नीट ओढत नाही. एवढंच. मग घरात तर्क सुरू होतात: मालिशवाल्या बाईंनी हात ओढला असेल, पाळण्यात पाय अडकला असेल, नस दबली असेल. आणि जर नुकतीच लस झाली असेल तर शंकेला जागाच उरत नाही. आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मांडीत सुई असते. तिच्यानंतर मांडी दुखणं, थोडा ताप येणं, बाळाने पाय जपणं हे नेहमीचं आहे. पण ते दुखणं एक-दोन दिवसांत उतरतं. तिसऱ्या दिवशीही पाय हलत नसेल, किंवा दुखणं वाढत असेल, तर लसीवर खापर न फोडता बाळाला तपासायला न्यावं. हलत नसलेला पाय लुळा पडलेला नसतो. तो इतका दुखत असतो की बाळ तो मुद्दाम स्थिर ठेवतं.

उलट्या बाजूची चूकही होते, आणि ती अनेकदा डॉक्टरांकडूनही होते. हाडात पू म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो टीबी. भारतात हाडाचा क्षयरोग आहेच आणि तो विसरून चालत नाही. पण तो आठवडे-महिने घेत हळूहळू वाढतो. तीन दिवसांत पाय सुजून ताप चढलेल्या मुलाला क्षयाच्या गोळ्या सुरू करून सोडणं म्हणजे खऱ्या जंतूला मोकळं रान देणं. दुसरीकडे ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग, आणि ईविंग सार्कोमासारखी हाडाची गाठ, हीसुद्धा ताप, हाडदुखी आणि वाढलेला ईएसआर घेऊन येतात. म्हणूनच शक्य तिथे हाडातला नमुना जंतूंच्या आणि पेशींच्या अशा दोन्ही तपासण्यांना पाठवणं शहाणपणाचं.

विदर्भात, नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात सिकलसेल असलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांना रक्तवाहिन्या तुंबून होणारं हाडदुखीचं संकट अधूनमधून येतच असतं, आणि त्यातही ताप आणि सूज असते. त्यामुळे ‘हे नेहमीचंच’ असं म्हणून संसर्ग सुटून जातो. त्यांच्यात सालमोनेला हा टायफॉइडच्या कुळातला जंतूही हाडात शिरतो. सिकलसेलच्या मुलाचं दुखणं नेहमीच्या औषधांनी, नेहमीच्या अवधीत उतरलं नाही, एकाच जागी टिकून राहिलं, तर आईने ‘या वेळचं वेगळं आहे’ असं ठासून सांगावं. ती त्या मुलाची दुखणी सगळ्यांत जास्त ओळखते.

उपचारांकडे वळताना आधी एक गोष्ट, जी हातून सहज घडते. ताप आला की ओळखीच्या मेडिकलमधून दोन दिवसांचं अँटिबायोटिक आणलं जातं. त्याने ताप थोडा उतरतो, हाडातला संसर्ग मरत नाही आणि रक्तात जंतू सापडणं मात्र अवघड होतं. एरवीही या आजारात रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू निम्म्याहून कमी मुलांत सापडतो. अर्धवट औषधाने तीही संधी जाते. कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालेल हे कळणं आता जास्त गरजेचं झालं आहे, कारण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा एमआरएसए हा स्टॅफिलोकोकस आता फक्त रुग्णालयांत उरलेला नाही. म्हणून पहिला डोस देण्याआधी कल्चरसाठी रक्त घेतात. मूल फार गंभीर असेल तर मात्र अहवालासाठी औषध थांबवत नाहीत.

‘हाडाचं इन्फेक्शन म्हणजे सहा आठवडे सलाईनवर’ ही समजूत अजून पक्की आहे, आणि पूर्वी ती खरीही होती. फिनलंडच्या हेइकी पेल्टोला यांच्या गटाने ती बदलली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १३१ मुलांना सुरुवातीचे दोन ते चार दिवस शिरेतून आणि पुढे तोंडाने औषध दिलं, काहींना एकूण वीस दिवस आणि काहींना तीस. दोन्ही गट सारखेच बरे झाले. ती मुलं लवकर आलेली होती आणि त्यांच्यात एमआरएसए नव्हता, हे विसरायचं नाही. आज साध्या, लवकर सापडलेल्या संसर्गासाठी एकूण तीन-चार आठवडे हा सर्वसाधारण अवधी मानतात. पहिले काही दिवस शिरेतून औषध, मग ताप गेला आणि सीआरपी उतरायला लागला की घरी गोळ्या किंवा पातळ औषध. या औषधांचा डोस घशाच्या संसर्गाला देतात त्याहून बराच मोठा असतो. ‘एवढ्याशा पोराला एवढं औषध?’ असं म्हणून आजोबांनी तो अर्धा करू नये. आणि दहाव्या दिवशी मूल अंगणात पळायला लागलं म्हणून बाटली कपाटात ठेवू नये. दुखणं थांबतं ते जंतू संपण्याच्या फार आधी.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत, पू साचण्याआधी औषध सुरू झालं तर बरीच मुलं चिऱ्याशिवाय बरी होतात. पू साचला असेल, किंवा दोन दिवस योग्य औषध देऊनही ताप आणि दुखणं उतरत नसेल, तर पू काढावाच लागतो. सांध्यातला पू तर थांबवून ठेवायचाच नसतो. ‘पाय कापतील’ या भीतीने मुलाला रुग्णालयातून घरी घेऊन जाणारी माणसं आजही भेटतात. त्यांना हे स्पष्ट सांगायला हवं, की वेळेवर काढलेला पू पाय वाचवतो, आणि आजच्या काळात या आजारात पाय कापण्याची वेळ फार क्वचित येते.

पथ्याच्या बाबतीत मी जरा आग्रहाने लिहितो. आपल्याकडे जखम झाली, पू झाला की भात बंद, डाळ बंद, आंबट बंद, अंडं तर नकोच. ‘पू वाढेल’ म्हणून. पू जंतू आणि त्यांच्याशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी यांचा होतो, वरणभाताचा नाही. तापाने आधीच खंगलेल्या मुलाला याच वेळी प्रथिनं लागतात. डाळ, अंडं, दही, दूध, जे घरात चालतं ते त्याला पोटभर द्यावं. नुसतं कॅल्शियमचं सिरप पाजून मात्र संसर्ग हटत नाही; हा आजार कॅल्शियमच्या कमतरतेचा नाही. तो एकापासून दुसऱ्याला लागणाराही नाही, त्यामुळे भावंडांना दूर झोपवायचं कारण नाही.

‘बरं झालं, आता फाईल बंद’ ही शेवटची समजूत. मोठ्या मुलाचं साधं हाड बरं झालं तर वर्षभर अधूनमधून दाखवणं बहुधा पुरतं. पण संसर्ग वाढीच्या चकतीजवळ किंवा बाळाच्या खुब्यात झाला असेल तर नुकसान लगेच दिसत नाही. चकतीचा एक कोपरा जळाला तर हाड पुढे वाकडं वाढतं, सगळी चकती गेली तर ते आखूड राहतं. कधी उलटंही होतं. संसर्गाच्या काळात वाढलेल्या रक्तपुरवठ्यामुळे ते हाड दुसऱ्यापेक्षा लांब होतं. वयाच्या तिसऱ्या आठवड्यात खुब्याचा संसर्ग झालेल्या बाळाचं लंगडणं ते चालायला लागल्यावर, म्हणजे वर्षभराने लक्षात येतं, आणि पायांच्या लांबीतला फरक शाळेच्या वयात ठळक होतो. अशा मुलाला हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवत राहावं लागतं, दोन्ही पायांची लांबी मोजून लिहून ठेवावी लागते. फरक वाढत असल्याचं वेळेत कळलं तर चांगल्या पायाची वाढ योग्य वयात थांबवून किंवा आखूड हाड लांब करून तो भरून काढता येतो. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा अहवाल आणि पहिले एक्स-रे सांभाळून ठेवावेत. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सगळ्यात आधी तेच लागतात.